खाल्लेलं अंगी का लागत नव्हतं

कामाने आलेली दमणूक रात्रभर झोपलं की जाते. मला जो थकवा आला होता तो झोपून उठल्यावरही तसाच असायचा, किंबहुना सकाळीच जास्त जाणवायचा. डोळे उघडले की पहिला विचार हाच, की आज पुन्हा कधी आडवं होता येईल. हे चाळिशी ओलांडल्यावर सुरू झालं आणि खरं कारण हाती लागेपर्यंत काही वर्षं गेली. ती कशात गेली आणि शेवटी कशावरून कळलं, हे सविस्तर लिहिते आहे. अशी एखादी बाई बहुतेक घरांत असते आणि तिला "टॉनिक घे, आराम कर" यापलीकडे कुणी काही सांगत नाही.

मी साताऱ्याची. एका पतसंस्थेत कर्जविभाग बघते. पहाटे अजिंक्यताऱ्यावर चालत जायचा नेम कॉलेजपासूनचा. आमच्याकडे सकाळी किल्ल्याच्या वाटेवर अर्धं गाव भेटतं. घरात पूर्ण शाकाहार. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोडाची उसळ, दुपारी वाटीभर दही, संध्याकाळी गूळ-शेंगदाणे. बाहेरचं खाणं सणासुदीला. रात्री दहाला दिवे बंद. त्यामुळे थकवा सुरू झाला तेव्हा बदलायचं काय, हेच कुणाला सुचेना. मग जे चांगलं चालू होतं तेच वाढवलं. बीट आलं, खजूर आले, शेवग्याच्या पाल्याची भाजी वरचेवर होऊ लागली, सासूबाईंनी माळ्यावरची लोखंडी कढई काढून घासून दिली. चहा जेवणापासून लांब नेला, कारण चहामुळे लोह शोषलं जात नाही हे वाचलेलं होतं. फरक शून्य.

किल्ल्याची वाट हे माझं मोजमाप होतं. जी चढण बोलत बोलत चढायचे तिथे वळणावळणाला थांबायला लागलं. छातीत धडधड व्हायची, कानात ठोके ऐकू यायचे. ऑफिसात दुपारनंतर आकड्यांची रांग डोळ्यांसमोर विस्कटायची. एकच बेरीज पुन्हा पुन्हा तपासायची. संध्याकाळी घरी आल्यावर चप्पल काढून दारातल्या खुर्चीवर बसले की उठवायचं नाही. मुलाला वाटायचं आई रागावलीय. बोलायलाही ताकद लागते हे त्याला कसं सांगणार?

कारणं सगळ्यांकडे तयार होती. मैत्रीण म्हणाली वय. जाऊबाई म्हणाल्या पाळी जाण्याआधी असंच होतं. ऑफिसात म्हणायचे मार्चएंडचं टेन्शन, आणि तो संपल्यावर म्हणायचे मार्चएंडचा शीण. यांना वाटायचं मी फार कमी खाते. दवाखान्यात सगळ्यात सोपं उत्तर होतं थायरॉइड, कारण तो मला होताच. धाकट्याच्या वेळेपासून गोळी चालू होती, आधी 50 मायक्रोग्रॅमची. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की वाढणारा रक्तातला आकडा, वाढला की डोस वाढायचा: 75, मग 100. गोळी पहाटे उपाशीपोटी, नंतर तासभर चहासुद्धा नाही, हे मी काटेकोर पाळत होते. डोस वाढला की रिपोर्ट सुधारायचा, थकवा मात्र जागच्या जागी. वजन तेच, गोळी वेळेवर, तरी शरीराला औषध जास्त जास्त का लागतंय, हा प्रश्न कुणी विचारला नाही. पुढे कळलं की सगळ्या गोष्टीचा धागा तिथेच होता.

एका तपासणी शिबिरात हिमोग्लोबिन 11.2 निघालं. बाईसाठी 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी, पण "आपल्याकडे बायकांना एवढं असतंच" असं म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या मी नेटाने घेतल्या. शौचाला काळी झाली, पोट गच्च झालं, बद्धकोष्ठ झालं, आणि पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन 11.4. त्या वेळी दुसऱ्या एका डॉक्टरांनी रिपोर्टमधल्या एमसीव्हीवर, म्हणजे लाल पेशीच्या सरासरी आकारावर, बोट ठेवलं. तो 86 होता. 80 ते 100 नॉर्मल. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, तुमच्या तर बरोबर आहेत, तेव्हा रक्ताचं फारसं काही नाही, असं सांगून त्यांनी झोपेची आणि मनाची चौकशी केली. "आनंद वाटेनासा झालाय का, की आनंद वाटतो पण अंगात बळ नाही?" हा त्यांचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. मला आनंद वाटत होता. मुलाची मॅच बघायला जायचं असायचं, नवीन साडी नेसायची असायची. मन तयार होतं, पाय निघत नव्हते. नैराश्यामुळे थकवा येतो हे अगदी खरं आहे आणि ते कुणी हसण्यावारी नेऊ नये. माझ्या बाबतीत ते नव्हतं, एवढं त्या एका प्रश्नाने स्पष्ट झालं.

खरी सुरुवात झाली ती सासूबाईंच्या बीपीच्या निमित्ताने. त्यांना दाखवायला आम्ही ज्या फिजिशियनकडे जातो, त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, तुमचा चेहरा असा पिवळट कधीपासून?" आणि मला वेगळी वेळ घेऊन यायला सांगितलं, सगळे जुने रिपोर्ट घेऊन.

त्या दिवशी त्यांनी आधी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारत राहिले. घोरता का, रात्री श्वास अडकून जाग येते का? रात्री लघवीला उठता का? ताप, वजन उतरणं, खोकला? पाळीत किती दिवस जातं, गाठी पडतात का? ॲसिडिटीची गोळी रोज घेता का? मधुमेहाची मेटफॉर्मिन? या दोन्ही औषधांनी वर्षानुवर्षांत बी12 कमी होऊ शकतं, म्हणून ते विचारत होते. मी दोन्ही घेत नव्हते. मग एकदम म्हणाले, "न खाण्यासारखं काही खावंसं वाटतं का? माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ?"

मी यांच्याकडे बघितलं. तांदूळ निवडायला बसले की मूठ मूठ तोंडात टाकायची मला सवय लागली होती. पाखडताना सुपातले, भात धुताना पातेल्यातले. दाताखाली कुरकुर वाजले की बरं वाटायचं. हा आजाराचा भाग असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, लोह अगदी तळाला गेलं की अशी इच्छा होते, आणि लोह भरलं की ती आपोआप जाते.

मग त्यांनी जीभ बाहेर काढायला लावली. जिभेवर नेहमी असतो तो खरखरीतपणा नव्हता. कडेने तर ती गुळगुळीत, लालसर, चकचकीत झाली होती. गेले कित्येक महिने मला ठेचा झोंबत होता, साधी आमटीसुद्धा तिखट लागायची. घरच्यांना वाटायचं माझी तिखटाची सवय गेली. त्यानंतर पायांची तपासणी. एक धातूचा चिमटा वाजवून, तो थरथरत असताना, त्यांनी घोट्याच्या हाडावर टेकवला. "थरथर कळतेय?" मला फक्त गार लागलं. तोच चिमटा मनगटावर ठेवल्यावर झणझण स्पष्ट कळली. पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तेव्हा मी एका बाजूला झुकले आणि यांनी धरलं. "सकाळी बेसिनशी तोंडाला साबण लावून डोळे मिटता, तेव्हा तोल जातो का?" जात होता. मी एक हात बेसिनवर ठेवूनच तोंड धूत होते. आणि पायातून चप्पल निसटली तरी दोन पावलं पुढे गेल्यावर कळायचं, हेही तेव्हाच आठवलं.

या सगळ्या गोष्टी मी कधी सांगितल्याच नव्हत्या, कारण त्यांचा थकव्याशी संबंध असेल असं वाटण्याचं काही कारण नव्हतं.

मग जुना रिपोर्ट उघडून त्यांनी एमसीव्हीच्या खालच्या ओळीवर पेन्सिलीने गोल केला. आरडीडब्ल्यू: 19.4. नॉर्मल साधारण साडेचौदापर्यंत. त्याच्यापुढे 'हाय' असं छापलेलं होतं आणि आजवर कुणी त्यावर थांबलं नव्हतं. तो आकडा लाल पेशींच्या आकारात आपापसात किती फरक आहे ते सांगतो. लोहाच्या कमतरतेने पेशी लहान होतात, बी12 च्या कमतरतेने मोठ्या. दोन्ही एकाच वेळी कमी असेल तर काही लहान, काही मोठ्या, आणि सरासरी अगदी व्यवस्थित. एखाद्या वर्गात निम्मी मुलं ताडासारखी आणि निम्मी बुटकी असली तर सरासरी उंची ठीकच निघणार. माझा 86 हा तसला आकडा होता. दोन कमतरतांनी एकमेकींना झाकून ठेवलं होतं.

नवीन तपासण्यांत फेरिटिन 6 आलं. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेलं लोह. ते 15 च्या खाली गेलं की कोठार रिकामंच समजतात. बी12 निघालं 118, जिथे लॅबची खालची मर्यादा 200 च्या आसपास होती. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात त्या स्मिअरच्या अहवालात दोन्ही प्रकारच्या पेशी लिहिलेल्या होत्या. साखर, किडनी, लिव्हर, ईएसआर, छातीचा एक्सरे ठीक. ड जीवनसत्त्व थोडं कमी होतं, पण एवढ्या थकव्याचा दोष त्याला द्यायला डॉक्टर तयार नव्हते.

बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपली असती. बाई शाकाहारी, म्हणून बी12 कमी. पाळी येते, म्हणून लोह कमी. दोन्ही कारणं पटण्यासारखी आहेत. बी12 वनस्पतींत जवळजवळ नसतंच. आपल्याकडे ते दूध, दही, ताकातून जेवढं मिळेल तेवढं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं यावर काम केलंय. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत पुणे परिसरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांपैकी 67 टक्क्यांमध्ये बी12 कमी आढळलं होतं. तेव्हा साताऱ्यातल्या एका शाकाहारी बाईत ते कमी असणं यात नवल नाही.

पण डॉक्टर तिथे थांबले नाहीत आणि त्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. त्यांचं म्हणणं असं: घरात सगळे तेच खातात, दही-दूध रोज आहे, मग तुमचंच एवढं खाली का गेलं? पाळी बेताचीच जाते. लोहाच्या गोळ्या नियमाने घेऊन हिमोग्लोबिन हललं नाही. थायरॉइडची गोळी दरवेळी वाढवावी लागते. लोह, बी12 आणि थायरॉइडची गोळी, या तिघांनाही अंगी लागायला एकच गोष्ट लागते: पोटातलं आम्ल. आणि आपल्याकडच्या बऱ्याच थायरॉइडच्या रुग्णांमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच त्या ग्रंथीवर उलटलेली असते. ती तशीच जठरावरही उलटू शकते.

मला तर जेवल्यावर पोट फुगायचं, जड वाटायचं, आणि सगळेजण त्याला ॲसिडिटी म्हणत होते. प्रत्यक्षात ॲसिड होत नव्हतं, हा संशय होता.

रक्तातल्या प्रतिपिंडांच्या, म्हणजे अँटिबॉडीजच्या, तपासण्या झाल्या. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिॲकचीही झाली, कारण त्यातही लोह शोषलं जात नाही, ती निगेटिव्ह. जठरातल्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं मात्र भरपूर निघाली. उपाशीपोटीचं गॅस्ट्रिन खूप वाढलेलं होतं. आम्ल तयार होत नाही म्हणून शरीर ते बनवायचा हुकूम सारखा सोडत राहतं, त्याची ती खूण. मग पुण्याला पोटाच्या तज्ज्ञांकडे एंडोस्कोपी.

एंडोस्कोपीची मला धास्ती होती, म्हणून तिच्याविषयी लिहिते. रात्रीपासून उपास. घशात एक कडू फवारा मारतात, घसा बधिर होतो, आवंढा गिळला की तो गिळलाय हेच कळत नाही. मला सौम्य भूल दिली होती. डाव्या कुशीवर वळवलं, दातांत प्लास्टिकची रिंग दिली, आणि पुढचं काही आठवत नाही. तपासणीसाठी अस्तराचे बारीक तुकडे घेताना दुखलं नाही. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत मुद्दाम लिहिलं होतं की जठराच्या वरच्या भागाचे आणि खालच्या भागाचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवा. या आजारात वरच्या भागाचं अस्तर झिजतं आणि खालचं शाबूत राहतं. सगळे तुकडे एकत्र केले तर हा फरकच हरवतो. बायोप्सीचा अहवाल येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. 'बायोप्सी' म्हटलं की घरात एकाच गोष्टीची भीती असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. अहवालात गाठ नव्हती, हेलिकोबॅक्टर जंतू नव्हता. वरच्या भागातल्या आम्ल बनवणाऱ्या ग्रंथी बहुतांश नष्ट झालेल्या होत्या. ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती जठरावर उलटल्याने होणारा आजार.

ज्या पेशी आम्ल बनवतात त्याच पेशी एक प्रथिनही बनवतात, आणि त्या प्रथिनाशी जोडी जमल्याशिवाय बी12 लहान आतड्यातून आत घेतलं जात नाही. 1920 च्या दशकात बॉस्टनमध्ये विल्यम कॅसल नावाच्या डॉक्टरांनी हे शोधलं, ते कसं, ते वाचून मी थक्क झाले. ते स्वतः मांस खायचे, थोड्या वेळाने ते आपल्या जठरातून बाहेर काढायचे आणि नळीने रुग्णांच्या पोटात सोडायचे. नुसत्या मांसाने रुग्ण सुधारत नव्हते. निरोगी जठरात राहून आलेल्या मांसाने त्यांचं रक्त वाढायला लागलं. त्या दशकाआधी या आजाराने रक्त फार कमी झालेली माणसं सहसा जगत नसत. म्हणजे मी मांसाहार सुरू केला असता तरीही उपयोग झाला नसता. बीट, खजूर, लोखंडी कढई, सगळं चांगलंच होतं. ते आत घेणारं दार बंद होतं.

उपचार साधे निघाले. बी12 ची इंजेक्शनं, पायांच्या नसांवर परिणाम झालेला असल्याने सुरुवातीला दिवसाआड, मग आठवड्याने, मग महिन्याने. लोह शिरेतून: फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, सलाइनमधून, तपकिरी रंगाचं. तासाभरात काम झालं, त्यात नंतरचा अर्धा तास नुसतं बसवून लक्ष ठेवण्याचा. एक सूचना डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा दिली, ती इथे देते: बी12 कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड घेऊ नका. त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. कुणीतरी दिलेल्या 'रक्तवाढीच्या' गोळ्यांत काय आहे ते वाचून बघणं म्हणूनच गरजेचं आहे. आणि बी12 ची तपासणी करायची असेल तर गोळ्या-इंजेक्शनं सुरू करण्याआधी करा; नंतरचा आकडा फुगलेला येतो आणि मूळ प्रश्न झाकला जातो.

सगळ्यात आधी गेली ती तांदळाची ओढ. एके दिवशी तांदूळ निवडून उठले आणि तोंडात एकही दाणा टाकला नाही हे नंतर लक्षात आलं. मग जीभ बरी झाली, ठेचा परत ताटात आला. थकवा एका झटक्यात गेला नाही. आधी दुपार सुधारली, मग संध्याकाळ. सकाळ सगळ्यात शेवटी. मुलगा एकदा म्हणाला, "आई, तू हल्ली घरी आल्यावर बोलतेस." हिमोग्लोबिन 13 च्या वर आहे, आरडीडब्ल्यू जागेवर. थायरॉइडच्या डोसचा प्रश्न आता डॉक्टर पोट लक्षात घेऊन सोडवतात.

पायांची बधिरता पूर्ण गेलेली नाही. घोट्यावर चिमट्याची थरथर आता कळते, पण बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. नसा हळू भरून येतात आणि जिथे उशीर झाला तिथे काही उणीव राहू शकते, असं मला स्पष्ट सांगितलंय. त्याचा मला राग येतो, आणि तो रास्त आहे असं मला वाटतं. ज्या बाईच्या सवयी चांगल्या आहेत, तिला थकवा आला तर आणखी चांगल्या सवयी लावायला सांगणं यात वेळ जातो, आणि तो वेळ नसांच्या पदरचा जातो. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी12, टीएसएच, साखर यांपैकी कुठली तपासणी कुठल्याही तालुक्याच्या गावी अवघड नाही. आकडा खाली आला तर तो का खाली आला, हे विचारणारा माणूस मिळणं अवघड आहे. तेवढं विचारायचा हक्क आपला आहे. "लोह कमी आहे" हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. ते कुठे जातंय किंवा का आत येत नाही, हे विचारा. पुरुषाचं लोह कमी निघालं किंवा पाळी गेलेल्या बाईचं निघालं, तर पोट-आतड्यातून रक्त जात नाही ना, हे तपासल्याशिवाय तर अजिबात थांबू नये.

आता महिन्याला एक इंजेक्शन आहे, जन्मभर. गल्लीतल्या दवाखान्यात सिस्टर देतात, पाच मिनिटांचं काम. एंडोस्कोपी साधारण दर तीन वर्षांनी, कारण झिजलेल्या अस्तरात पुढे गाठी होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते आणि त्या वेळेत सापडायला हव्यात.

असले आजार एका घरात अनेकांना होऊ शकतात, म्हणून कराडच्या ताईला मी मागे लागून तपासायला लावलं. तिला थायरॉइड आहेच आणि ती गेलं वर्षभर "दमायला होतं गं" म्हणत होती. तिचं हिमोग्लोबिन अगदी उत्तम निघालं, 12.8. बी12 मात्र 160. प्रतिपिंडांचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येईल. तोवर तिला सांगून ठेवलंय की जुने सगळे कागद एका फायलीत लाव, आणि थायरॉइडचा डोस कधी कधी वाढला ते तारखेनिशी लिहून काढ.